डाव्या मागच्या पंजाचा हिशोब

पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत ट्रेकला गेलं की वाळत आलेल्या चिखलात हमखास एखादा ठसा सापडतो. मग अख्खा ग्रुप थांबतो, कॅमेरे बाहेर येतात आणि चर्चासत्र सुरू होतं. एक जण म्हणतो बिबट्या, दुसरा म्हणतो कुत्रं, आणि तिसरा (हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच!) छातीठोकपणे वाघ म्हणतो. बहुतेक वेळा ते खालच्या वाडीतलं, बिस्किटांच्या आशेने आपल्या मागे आलेलं कुत्रंच असतं.

कुत्रं की मांजर, हा प्रश्न तसा सोपा आहे. मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, म्हणून ठशात नखं दिसत नाहीत. चार बोटं, त्यामागे मोठी गादी, आणि त्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. एकूण ठसा गोलसर. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांचा ठसा लांबट, आणि बोटांपुढे नखांचे टिंब स्पष्ट. तरसाचीही नखं उमटतात, पण त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. अस्वलाचा मागचा ठसा पहिल्यांदा पाहिला की अनवाणी माणूसच गेलाय असं वाटतं. नियमाला अपवाद चित्त्याचा. त्याच्या नख्या पूर्ण आत जात नाहीत, म्हणून मांजरकुळातला असूनही त्याची नखं ठशात दिसतात. २०२२ साली कुनोमध्ये चित्ते आले, तेव्हापासून हा अपवादही आपल्याकडे कामाचा झालाय.

एवढं माहीत असलं की ग्रुपमध्ये भाव खाता येतो. पण हे सगळं मी वाचायला लागलो ते वेगळ्याच कारणाने. कुठला प्राणी गेला, हे ठशावरून कळतं हे मान्य. पण नेमका कोणता वाघ गेला, हे कळतं का? आणि जंगलात एकूण वाघ किती, हे? आपल्या देशाने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं 'हो' असं दिलं होतं. ती गोष्ट मला इतकी इंटरेस्टिंग वाटली की दोन वीकएंड त्यातच गेले.

माग काढणं ही कला आपल्याकडे जुनीच. पेशवाईतल्या आणि नंतर सुरुवातीच्या इंग्रजी अमलातल्या गावगाड्यात चोरी झाली की जागले, रामोशी किंवा भिल्ल चोराच्या पावलांचा माग काढत. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायचा. त्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाहीतर चोरीची जबाबदारी त्यांच्यावर. म्हणजे पाऊलठसा हा चक्क पुरावा होता आणि त्यावर पैशांचे व्यवहार ठरत. जंगलातली मंडळी तर यात मुरलेली. मेळघाटातले कोरकू असोत की विदर्भातले गोंड, शिकारी साहेबांच्या पुस्तकांत ज्यांना नुसतं 'ट्रॅकर' म्हटलंय ते हेच लोक. कॉर्बेटनेही ठशांवरून जनावराचं वय, नर-मादी, जखम असं सगळं वाचलं. पण त्याचा प्रश्न नेहमी एका जनावराबद्दल असायचा. हा नरभक्षक कुठे गेला? तोच आहे का?

ठशांवरून सगळे वाघ मोजायचे, हा विचार त्यामानाने नवा. १९३० च्या दशकात पलामूच्या जंगलात (आता झारखंडमध्ये) निकोल्सन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने तसा प्रयत्न केला होता. पण त्याची पद्धतशीर रीत बसवली ती ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी, १९६६ साली. हे गृहस्थ पुढे सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे पहिले क्षेत्र संचालक झाले. आणखी एका गोष्टीसाठी ते प्रसिद्ध आहेत. १९७४ मध्ये खडिया आदिवासींनी खैरी नदीकाठी सापडलेलं वाघिणीचं पिल्लू त्यांना आणून दिलं. त्यांनी ते घरात वाढवलं, नाव ठेवलं 'खैरी'. ती घरभर मोकळी फिरायची. १९८१ मध्ये खैरी गेली, पुढच्याच वर्षी चौधरी गेले. ऑफिसात बसून वाघांबद्दल नियम काढणारा हा माणूस नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे त्यांच्या पद्धतीवर बरीच टीका येणार आहे.

पद्धत अशी. एका ठरावीक आठवड्यात देशभरातले वनरक्षक आपापल्या हद्दीतल्या वाटा, नाल्यांची वाळू, पाणवठे पालथे घालणार. काही ठिकाणी आधीच बारीक माती चाळून वाटेवर पसरून ठेवायची, म्हणजे ठसा स्वच्छ उमटतो. वाघाचा ठसा दिसला की त्यातला डाव्या मागच्या पंजाचा निवडायचा. मागचाच का? तर चालताना वाघाचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, त्यामुळे मागचा ठसा वर आणि अखंड मिळतो. आणि सगळ्यांनी एकच पाय धरला की चार पायांचे चार वाघ होत नाहीत. मग त्यावर 'टायगर ट्रेसर' ठेवायचा. नाव भारी आहे, पण वस्तू साधी: स्क्रूच्या पायांवर उभी केलेली काचेची पट्टी. वरून बघत काचेवर ठशाची बाह्यरेषा काढायची आणि ती कागदावर उतरवायची. जमलं तर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून साचाही घ्यायचा. सोबत तारीख, जागा, जमिनीचा प्रकार, दोन पावलांमधलं अंतर. नराचा मागचा ठसा साधारण चौकोनात बसतो, मादीचा उभट आयतात. शेवटी हे सगळे कागद वर पाठवायचे. तिथे अधिकारी ते शेजारी शेजारी मांडून ठरवणार की हा आणि हा एकच, हा मात्र वेगळा.

१९७२ मध्ये या पद्धतीने पहिली देशव्यापी गणना झाली. आकडा आला १८२७. वाघ हजारोंनी असतील असं समजणाऱ्या देशाला तो मोठा धक्का होता. १ एप्रिल १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. त्या काळासाठी ही पद्धत मला तरी कमालीची हुशारीची वाटते. ना कॉम्प्युटर, ना कॅमेरे, ना बजेट. काच, कागद, स्केचपेन आणि हजारो वनरक्षकांचे पाय. एवढ्यावर अख्ख्या उपखंडाएवढ्या देशात एका आठवड्यात सर्व्हे करून दाखवणं म्हणजे खेळ नाही. आणि १८२७ हा आकडा बरोबर होता की नाही यापेक्षा त्याने झोप उडवली, हे जास्त महत्त्वाचं.

अडचण नंतर सुरू झाली. आकडे वाढत गेले. १९७९ ला ३०१५, १९८४ ला ४००५, १९८९ ला ४३३४. मग थोडी घट, आणि २००१-०२ ला ३६४२. शेवटचा अंक बघितला का? ३६४२. साडेतीन-पावणेचार हजार नाही, बरोब्बर ३६४२. अधिक-उणे काही नाही. आपण रिलीजच्या आधी 'अंदाजे दोन आठवडे, थोडं पुढेमागे होईल' असं सांगतो तेवढीसुद्धा सूट नाही. कारण या पद्धतीचं गृहीतकच असं होतं की प्रत्येक वाघाचा ठसा सापडलाय आणि प्रत्येक ठशाचा मालक ओळखला गेलाय.

या गृहीतकावर बोट ठेवणाऱ्यांत सगळ्यात चिकट माणूस म्हणजे उल्हास कारंथ. (कन्नड लेखक शिवराम कारंथांचे चिरंजीव. आणि इथे आपली कॉलर थोडी ताठ करायला हरकत नाही, कारण ते मूळचे सुरतकलच्या कॉलेजातले मेकॅनिकल इंजिनियर!) इंजिनियरिंग, मग शेती, मग वाघ असा त्यांचा प्रवास. १९८७ मध्ये त्यांनी या गणनेवर एक टीकालेख लिहिला. त्यामागे एक साधी टेस्ट होती. प्राणिसंग्रहालयातल्या चार वाघांचे ठसे वेगवेगळ्या जमिनीवर घेतले, त्यांची ट्रेसिंग्ज सरमिसळ केली आणि सहा अनुभवी वन्यजीव अधिकाऱ्यांपुढे ठेवली. किती वाघ आहेत सांगा. चार हे उत्तर एकालाही देता आलं नाही.

यात त्या अधिकाऱ्यांचा कमीपणा काहीच नाही. एकाच पंजाचा ठसा ओल्या चिखलात पसरतो, कोरड्या धुळीत आक्रसतो, चढावर वेगळा, पळताना वेगळा. त्यात काचेवरून रेष काढणाऱ्याचा डोळा दोन इंच डावीकडे झुकला की बोटाची जाडी बदलली. एक वाघ आठवड्यात मैलोन्मैल फिरतो, दोन वनरक्षकांच्या हद्दी ओलांडतो, आणि दोन कागदांवर दोन वाघ होतो. उलट खडकाळ जमिनीवरून जाणारा वाघ एकाही कागदावर येत नाही. म्हणजे चुका दोन्ही बाजूंना. पण वर बसलेल्या माणसाला कोणती चूक परवडते? वाघ कमी झाले की चौकशी, वाढले की शाबासकी. जिथे शंका, तिथे 'वेगळा वाघ' लिहिणं सोपं. हे मी कुणा एकावर आरोप म्हणून लिहीत नाहीये. ज्यांच्या ऑफिसात प्रोजेक्टचं स्टेटस शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवं असतं आणि मग एकदम लाल होतं, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि मग सारिस्का.

राजस्थानात अलवरजवळचं हे जंगल, दिल्लीपासून काही तासांवर, प्रोजेक्ट टायगरमधलं जुनं. २००४ च्या गणनेत इथे १६ ते १८ वाघ असल्याची नोंद होती. जानेवारी २००५ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये जय मजुमदार यांची बातमी आली की तिथे वाघ दिसतच नाहीयेत. सुरुवातीला नेहमीप्रमाणे इन्कार झाला. वाघ आहेत, बाहेर गेले असतील, येतील. मार्चपर्यंत भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी जंगल पालथं घातलं आणि उत्तर स्पष्ट झालं. एकही वाघ शिल्लक नव्हता. शिकाऱ्यांनी मारले होते. त्याच वर्षी जूनमध्ये संसार चंद हा वन्यप्राण्यांच्या कातड्यांचा कुख्यात व्यापारी दिल्लीत पकडला गेला.

सरकारने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स नेमला. त्यांचा अहवाल ऑगस्ट २००५ मध्ये आला. त्यात सारिस्कावरच्या भागात एक छोटा तक्ता आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या तक्त्यात आहे. एका बाजूला अधिकृत गणनेचा आकडा, दुसऱ्या बाजूला तिथल्याच कर्मचाऱ्यांचा स्वतःचा अंदाज. १९९८: अधिकृत २४, कर्मचारी १७. २०००: अधिकृत २६, कर्मचारी ५. २००२: अधिकृत २७, कर्मचारी शून्य.

परत वाचा. ज्या वर्षी कागदावर सत्तावीस वाघ होते, त्या वर्षी रोज जंगलात फिरणाऱ्यांच्या हिशोबात एकही नव्हता. म्हणजे माहिती नव्हती असं नाहीच. ती खालच्या माणसाकडे होती, ती दर वर्षी घटत होती, आणि वर जाता जाता तिचं सत्तावीस होत होतं. सारिस्कानंतर वर्तमानपत्रांत 'पगमार्क पद्धत फेल' असं बरंच छापून आलं. ते खोटं नाही. वैयक्तिक वाघ ओळखून एकूण संख्या काढायला ती पद्धत खरंच कुचकामी होती. पण रस्त्यावर ठसे दिसणं बंद झालं, हे ओळखायला कोणती स्टॅटिस्टिक्स लागते? ठसे बरोबरच सांगत होते. नाहीत, नाहीत, नाहीत. पण तो प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. विचारलं ते एवढंच की या वर्षीचा आकडा किती टाकायचा.

टास्क फोर्सने ठशांवरची गणना थांबवून नवी पद्धत आणायला सांगितलं. नव्या पद्धतीतला एक भाग कारंथ १९९० च्या दशकापासून नागरहोळेत वापरतच होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे. वाघ मधून गेला की आपोआप फोटो. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोघांचे सारखे नसतात. इथे माती ओली की सुकी हा प्रश्नच नाही. पण खरी गंमत फोटोत नाही, त्यापुढच्या गणितात आहे. सगळे वाघ फोटोत येणार नाहीत हे आधीच मान्य करायचं, आणि न आलेले किती, ते काढायचं.

टेस्टिंगवाल्या मित्रांसाठी उदाहरण देतो. एका टेस्टरला २० बग सापडले. दुसऱ्याला, पहिल्याची यादी न बघता, २५ सापडले. त्यातले १० दोघांच्याही यादीत आहेत. म्हणजे पहिल्याच्या २० पैकी निम्मे दुसऱ्याला सापडले. तर दुसरा माणूस एकूण बगपैकीही साधारण निम्मेच पकडत असणार, आणि एकूण बग पन्नासच्या आसपास. दिसले पस्तीस, असावेत पन्नास, अधिक-उणे काहीतरी. वाघांचंही असंच: पहिल्या फेरीत कोण आले, पुढच्या फेऱ्यांत त्यातले परत किती आले. प्रत्यक्ष गणित बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा एवढाच.

नव्या पद्धतीने २००६ ची देशव्यापी गणना झाली, निकाल २००८ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला: १४११. हा आकडा तेव्हा जाहिरातींतून घरोघरी पोचला होता, मी शाळेत असतानाचा मला आठवतोय. आता ३६४२ मधून १४११ वजा करून 'पाच वर्षांत बावीसशे वाघ मेले' असं म्हणणारे आजही भेटतात. ते चूक आहे. मोजपट्टीच बदलली होती, शिवाय १४११ मध्ये सुंदरबन धरलेलं नव्हतं. त्यातले किती खरंच मेले आणि किती कधी नव्हतेच, हे वेगळं करता येत नाही. जुन्या डेटाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

ओडिशात हे जास्तच झोंबलं. २००४ मध्ये ठशांवरून राज्यात १९२ वाघ मोजले होते, नव्या पद्धतीने आले ४५. आणि सिमलीपाल म्हणजे चौधरींचं घर. तिथल्या वनखात्याने हा आकडा सहजासहजी मान्य केला नाही, त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालू राहिला. चौधरींबद्दल मला इथे थोडं वाईट वाटतं. ठसा वाचणारा माणूस स्वतः जंगलात असेल, आपल्या भागातली जनावरं त्याला वर्षानुवर्षं माहीत असतील, तर ठशावरून तो खूप काही सांगू शकतो. तेच काम हजारो लोकांकडून आठवडाभरात करून घेतलं आणि निकाल टेबलावर लावला, की उरतात फक्त रेषा.

तसं ठशांमधून वैयक्तिक वाघ अजिबात ओळखता येत नाही असंही नाही बरं का. २००५ मध्येच संदीप शर्मा, यादवेंद्रदेव झाला आणि विश्वास सावरकर यांचा एक शोधनिबंध आला. एकाच वाघाचे बरेच ठसे एकत्र घ्यायचे, त्यांची मापं काढायची आणि डोळ्याऐवजी स्टॅटिस्टिक्सने वेगळे करायचे. जमिनीचा प्रकार वगैरे अटी सांभाळल्या तर हे जमतं, असं त्यांनी दाखवलं. पण तोवर कॅमेरे स्वस्त होत चालले होते आणि सारिस्काने 'पगमार्क' या शब्दालाच डाग लावला होता. असो.

गणनेतून ठसे गेले, असं मात्र समजू नका. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, जवळपास साडेतीन कोटी फोटो आले, त्यातले ७६,६५१ वाघांचे. गिनीज बुकात नोंद झाली, बातम्या झाल्या. त्याच गणनेत माणसांनी पायी तुडवलेलं अंतर होतं ५,२२,९९६ किलोमीटर! ते कशासाठी? ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे शोधण्यासाठी. सगळ्या जंगलात कॅमेरे लावणं शक्यच नाही. म्हणून पहिली पायरी अजूनही तीच: वनरक्षक ठरलेल्या वाटेवर चालतो आणि वाघाच्या खुणा आहेत की नाहीत ते नोंदवतो. आता नोंद मोबाईलमधल्या अ‍ॅपवर होते. फरक एवढाच की आता त्या ठशाला 'तू कोणता वाघ?' असं कुणी विचारत नाही. 'इथे वाघ आहे का?' एवढंच विचारतात.

या साध्या प्रश्नाचं मोल आपल्या सह्याद्रीइतकं कुठे कळत नाही. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतर कित्येक वर्षं इथला वाघ म्हणजे ठसे आणि विष्ठा. फोटो नाही, म्हणून 'कागदावरचा व्याघ्र प्रकल्प' अशी चेष्टाही व्हायची. मे २०१८ मध्ये अखेर कॅमेऱ्यात वाघ आला, मग डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. ठसे खोटं बोलत नव्हते.

सारिस्कात २००८ च्या जूनअखेर रणथंभोरहून हेलिकॉप्टरने नर वाघ आणून सोडला, मागोमाग वाघिणीही आल्या. आज तिथे पुन्हा वाघ आहेत, त्यांची पिल्लं आहेत. पन्नात मात्र २००९ पर्यंत तोच प्रकार पुन्हा घडून गेला होता, आणि तिथेही बाहेरून वाघ आणावे लागले.

तर ट्रेकवाल्यांनो, ठसा सापडला की काय करायचं? आधी त्यावर पाय देऊ नका, आणि मागच्यांनाही थांबवा. फोटो तिरका न काढता बरोबर वरून काढा (काचेच्या पट्टीचा धडा!). शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, नाहीतर मांजर की बिबट्या हे फोटोवरून देवालाही सांगता यायचं नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ठशाची खोली चांगली दिसते. एकावर थांबू नका, पुढचे चार-पाच शोधा आणि दोन पावलांमधलं अंतर मोजा. मोठा ठसा असेल तर जवळ लहान ठसे आहेत का बघा, कारण पिल्लू एकटं फिरत नाही. तारीख आणि जागा लिहून ठेवा, जवळच्या वनरक्षकाला दाखवा. बहुतेक वेळा तो बघताक्षणी सांगतो, आणि ते जनावर काल रात्री कुठून आलं तेही.

फोटो ग्रुपवर टाकलात तरी चालेल. लोकेशन तेवढं टाकू नका.